डॉक्टर फिट म्हणतात, मग पोरगी मैदानात का उतरेना?

"मुलगी कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये आहे. गेल्या हंगामात गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं. आता डॉक्टर फिट म्हणतात, पण प्रॅक्टिसचं नाव काढलं की काही ना काही कारण सांगते. तिला जरा रेटावं, की खेळ सोडून दे म्हणावं?"

पावसाळ्यात कॉलेजं सुरू झाली आणि टीमची जमवाजमव चालू झाली की हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे हमखास येतो. आधी तो मुलांच्या वडिलांकडून यायचा, आता मुलींच्या आयाही विचारतात. कोल्हापूरकडून जास्त येतो, यात नवल नाही. जिथं पेठेपेठेतल्या तालमीची स्वतःची टीम असते आणि 'पाटाकडील' विरुद्ध 'प्रॅक्टिस' असा दोन स्थानिक क्लबांचा सामना लागला की शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसायला जागा उरत नाही, तिथल्या मुली किती दिवस नुसत्या बघत बसतील?

उत्तर देण्याऐवजी एका मुलीबद्दल सांगते. तिची आणि घरच्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, टीममध्ये लेफ्ट विंगर, म्हणजे डाव्या कडेनं चढाई करणारी. वडील उद्यमनगरात लेथवर कामाला, तरुणपणी तालमीकडून खेळलेले. आई घरी शिवणकाम करते. तिघं एकत्रच आली आणि खुर्चीवर टेकायच्या आत वडिलांनी निकाल देऊन टाकला, "मॅडम, हिचा गुडघा बरा झालाय. आता डोकं तेवढं बघा."

कागदपत्रं व्यवस्थित होती. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत डावा गुडघा गेला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं मुख्य लिगामेंट, पूर्ण तुटलेलं दिसलं. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, मांडीच्या मागच्या स्नायूचा दोर काढून तिथं बसवला. त्यानंतर दहा महिने फिजिओथेरपी. एका पायावर उडी मारून केलेल्या चाचण्यांत डावा पाय उजव्याच्या नव्वद टक्क्यांच्या वर पोहोचलेला. फिजिओंनी खेळायला हरकत नाही असं लिहून दिलेलं.

आणि तरी ही मुलगी ग्राउंडवर जायची, वॉर्मअप करायची, पासिंगही करायची, पण मॅच खेळवायला सरांनी बिब, म्हणजे दोन बाजू ओळखू याव्यात म्हणून घालायची रंगीत बंडी, वाटायला घेतले की नेमकं तिचं पोट दुखायचं, किंवा प्रॅक्टिकलचं जर्नल पूर्ण करायचं असायचं. सरांना आणखी एक गोष्ट दिसली होती. ही आधी लाइनवरून पळत येऊन झटक्यात आत वळायची आणि उजवीकडं घुसायची, तोच तिचा हुकमी डाव. आता ती सरळ कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत पळते आणि तिथून क्रॉस टाकते. आत वळतच नाही.

आईवडिलांना बाहेर बसवलं. "भीती वाटते का" असं मी अशा मुलांना विचारत नाही, कारण त्यावर "नाही" हेच उत्तर येतं. मी विचारलं, मागच्या प्रॅक्टिसमध्ये तू नेमकी कुठं थांबलीस? मैदानातली जागा सांग, पाय कुठला होता ते सांग.

तिनं पटकन सांगितलं. पेनल्टी बॉक्सच्या कोपऱ्याअलीकडं, वळताना डावा पाय रोवायचा असतो तिथं. त्या दिवशीही तिथंच पाय रोवला, शरीर वळलं, गुडघा आत गेला आणि आतून 'कट्' असा आवाज आला. जवळपास कुणीही नव्हतं. डिफेंडर दोन हात लांब होती.

मग म्हणाली, "कुणीतरी पाडलं असतं तर बरं झालं असतं, मॅम."

हे वाक्य मी याआधीही वेगवेगळ्या तोंडून ऐकलं आहे. कुणी आडवा पाय घातला असता तर राग काढायला माणूस मिळाला असता, पुढच्या वेळी त्या खेळाडूपासून सांभाळून राहता आलं असतं. इथं दगा दिला तो स्वतःच्या पायानं. त्याच्यापासून सांभाळून राहणार कसं? आईचं म्हणणं होतं, दुधानं तोंड पोळलंय, आता ताकसुद्धा फुंकून पिणारच. पण हिचा संशय दूध-ताकावर नव्हताच, तो स्वतःच्या तोंडावर होता.

तिला कुणीच न सांगितलेली एक साधी गोष्ट अशी, की एसीएलच्या बहुतेक दुखापती अशाच होतात, धक्का न लागता. झटक्यात दिशा बदलताना, एकदम थांबताना किंवा उडीवरून खाली येताना. एकाच खेळात मुलींना हा धोका मुलांपेक्षा दोन-तीन पटींनी तरी जास्त असतो. कंबरेची आणि पायांची ठेवण, पाय टेकताना गुडघा आत झुकण्याची सवय, मांडीमागच्या स्नायूंची तुलनेनं कमी ताकद अशी बरीच कारणं सांगतात. त्यात मी एक माझ्या अनुभवातलं घालते. मुलग्यांना लहानपणापासून गल्लीत पडत-उडत खेळायला मिळतं, मुलींच्या हातात बॉल येतो तो आठवी-नववीत आणि लगेच स्पर्धा. नीट पडायचं, नीट टेकायचं कसं, हे शिकवायला कुणाला सवडच नसते. मी एवढंच सांगितलं, तू काही चुकीचं केलं नव्हतंस. तिनं ते ऐकून घेतलं, पण तिला ते पटलेलं नव्हतं.

पुढच्या भेटीत दुसरा पदर सुटला. ऑपरेशनसाठी वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं होतं. ते तिच्यासमोर कधी चकार शब्द बोलले नव्हते, पण फोनवर मित्राला सांगताना तिनं ऐकलं होतं, "ह्या वर्षी पोरगी विद्यापीठाच्या टीमला लागतीया बघ." पुढचं गणित घरात सगळ्यांना पाठ होतं. विद्यापीठाकडून खेळली, पुढं राज्याकडून, तर सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. एवढं सगळं डोक्यावर असताना "मला भीती वाटते" म्हणणं तिला कृतघ्नपणा वाटायचा. पोट दुखतंय म्हणणं सोपं. दरम्यान तिच्या जागेवर पहिल्या वर्षाची एक पोरगी आली होती आणि ती चांगली खेळत होती, हेही होतंच.

तिच्या मोबाईलच्या स्क्रीनवर स्पेनची फुटबॉलपटू अलेक्सिया पुतेयासचा फोटो होता. सगळे तिला त्याच खेळाडूचे व्हिडिओ पाठवायचे, बघ, तिचाही एसीएल गेला होता आणि वर्षभरात वर्ल्ड कप जिंकली. खरंच आहे. जुलै २०२२ मध्ये युरो सुरू व्हायच्या तोंडावर तिचा गुडघा गेला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये स्पेन विश्वविजेता झाला. मी विचारलं, फायनलमध्ये ती किती वेळ खेळली? मुलीला माहीत होतं. अगदी शेवटी, बदली म्हणून. त्या वर्ल्ड कपमध्ये आधी दोनदा जगातली सर्वोत्तम ठरलेली ही खेळाडू बराच वेळ बाकावर होती. व्हिडिओ पाठवणाऱ्यांपैकी हे कुणी सांगत नाही.

एसीएलच्या ऑपरेशननंतर काय होतं याचा मोठा आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यानुसार शंभरातले ८१ जण कुठल्या ना कुठल्या स्वरूपात खेळाकडे वळतात, पूर्वीच्या पातळीवर ६५ पोहोचतात आणि स्पर्धेत ५५. गुडघा चाचण्यांत पास होऊनही कितीतरी जण परतत नाहीत, आणि त्यामागं पुन्हा दुखापत होईल ही भीती मोठं कारण असते. हे आकडे मी वडिलांना मुद्दाम सांगितले. "डोकं बघा" म्हणताना त्यांना वाटत होतं की आपल्याच मुलीत काहीतरी कमी आहे.

मग त्यांना एक काम दिलं. मुलीला समोर बसवून म्हणायचं, नाही खेळलीस तरी चालेल. आणि तसं वाटत असेल तरच म्हणायचं. माझ्यासमोर त्यांना ते जमलं नाही. टोपी हातात घेऊन फिरवत बसले. नंतर घरी, जेवताना, त्यांच्या पद्धतीनं म्हणाले, "कर्जाचं मी बघतो. तू तुझं बघ."

त्यावर पोरगी दुसऱ्या दिवशी बूट घालून धावत सुटली, असं काही झालं नाही. उलट पुढचा आठवडा ती ग्राउंडकडं फिरकलीच नाही. आई घाबरून फोन करायला लागली, तुम्ही खेळ सोडायला सांगितलंत का म्हणून. मला मात्र ते बरं लक्षण वाटलं. पोटदुखीचं कारण न देता ती पहिल्यांदाच सरळ गैरहजर राहिली होती. मग आपणहून गेली.

तिथून पुढं आम्ही भीतीची शिडी केली. कल्पना जुनीच आहे, उंचीची किंवा लिफ्टची भीती असलेल्यांबरोबर आम्ही तीच वापरतो. जर्नलच्या मागच्या पानावर तिनं पायऱ्या लिहिल्या. मैदानात मांडलेल्या प्लास्टिकच्या शंकूंभोवती अर्ध्या वेगानं वळणं, पूर्ण वेगानं वळणं, मग बॉलसह. नंतर समोर मैत्रीण उभी, पण कुठल्या बाजूला वळणार हे तिला आधी सांगायचं. मग न सांगता. मग पाच-पाच जणींचा खेळ, मग बिब घालून पूर्ण मॅच. सगळ्यात वर तिनं स्वतःच लिहिलं, 'पावसानंतरचं ग्राउंड'. कोल्हापुरात ऑगस्टमध्ये खेळणाऱ्याला यातलं भय सांगायला नको. प्रत्येक पायरीच्या आधी आणि नंतर भीतीला दहापैकी मार्क द्यायचे. भीती शून्यावर यायची वाट बघायची नाही, तीन-चारवर आली की वरच्या पायरीवर जायचं. शून्याची वाट बघणारे खेळाडू हंगाम संपेपर्यंत वाटच बघत बसतात. ही मुलगी पूर्ण वेगाच्या वळणावर बरेच दिवस अडकली होती. मार्क सातवरून खाली येईनात. शेवटी फिजिओ स्वतः ग्राउंडवर येऊन उभे राहिले, तेव्हा कुठं ते पाचवर आले.

सरांना एकच विनंती केली, "घाबरतीस काय!" हे वाक्य बंद. त्यांनी ते लगेच मान्य केलं, आणि पाळलंही. आईला ते जड गेलं. कुंपणाबाहेर उभी राहून ती दर मिनिटाला "जपून गं!" म्हणायची. वळायच्या क्षणी ते कानावर पडलं की पाय चुकीचा पडणारच. थोडे दिवस येऊ नका म्हटलं तर रुसली.

सगळ्यात उपयोगी पडली ती गोष्ट मात्र माझ्या खोलीबाहेर घडली. या टीमचा वॉर्मअप म्हणजे मैदानाला दोन फेऱ्या आणि थोडं ताणणं. फिजिओंनी सरांना 'इलेव्हन प्लस' दाखवलं. फिफाच्या डॉक्टरांच्या पुढाकारानं तयार झालेला हा सुमारे वीस मिनिटांचा वॉर्मअप आहे. त्यात पळणं, पोट-पाठ-मांड्यांची ताकद, एका पायावर तोल आणि उडी मारून नीट टेकणं असं सगळं येतं. आठवड्यातून दोन-तीनदा नेमानं केला तर दुखापती तिसऱ्या हिश्श्यानं तरी कमी होतात, असं अभ्यासांत दिसलं आहे. मुली आधी कुरकुरल्या. खेळायचं सोडून हे काय पीटी! मग टेकण्याच्या व्यायामाला जोड्या लावल्या, आणि जोडीदारणीचा गुडघा अंगठ्याच्या आत झुकला की ओरडायचं असं ठरलं. ते त्यांना फार आवडलं. या व्यायामात सगळ्यात तरबेज कोण, तर दहा महिने फिजिओकडं हेच करून आलेली आमची लेफ्ट विंगर. सरांनी तो भाग तिच्याकडं सोपवला. पहिल्या वर्षाच्या त्या पोरीलाही तिनंच शिकवलं. ज्या पायावर तिचा विश्वास नव्हता, तोच ती रोज वीस जणींना दाखवत होती, "असा टेका."

हंगामातल्या पहिल्या सामन्यात ती शेवटची वीस मिनिटं खेळली. एकदा आत वळली आणि बॉल घालवून बसली. तिच्या जागेवर अजून ती ज्युनियरच सुरुवात करते. वडिलांना आता गुडघ्यापेक्षा मुलगी बाकावर बसते याचाच त्रास जास्त होतो, आणि त्यासाठी ते माझ्याकडं आलेले नाहीत, हे बरंच आहे. विद्यापीठाच्या निवड चाचणीला यंदा जायचं नाही, हे तिनं स्वतः ठरवलं.

आता मूळ प्रश्न. रेटूही नका आणि सोडवूही नका. आधी बघा की भीती खरी आहे का. गुडघा निसटल्यासारखा वाटतो, खेळून आल्यावर सुजतो, जिना उतरताना अडकतो, असं काही असेल तर माझ्याकडं येऊ नका, सर्जनकडं आणि फिजिओकडं परत जा. ऑपरेशनला नऊ महिने झाले नसतील तर घाई नकोच. नॉर्वेतल्या एका अभ्यासात नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितकं लांबवलं, तितका पुन्हा दुखापतीचा धोका दर महिन्याला जवळपास निम्म्यानं उतरलेला दिसला. शरीर ठीक असेल, तर नेमकं कुठं पाय थांबतो ते तिलाच विचारा. आणि निर्णयाला एक तारीख द्या, दिवाळी म्हणा, नाताळची सुट्टी म्हणा. तोपर्यंत घरात रोज तो विषय नको. झोप उडाली, जेवण सुटलं, मैत्रिणींशीही बोलणं बंद झालं, तर मात्र तारखेची वाट न बघता समुपदेशकाला गाठा.

परवा त्या आईचा पुन्हा फोन आला. धाकटी नववीत आहे, तिलाही शाळेच्या टीममध्ये जायचंय आणि बूट हवेत. घ्यावेत का? मी म्हटलं, बूट घ्यायच्या आधी शाळेत एकदा प्रॅक्टिस बघून या. सुरुवातीची वीस मिनिटं काय करून घेतात ते बघा. नुसत्या दोन फेऱ्या मारून घेत असतील, तर मोठीला घेऊन जा आणि त्यांच्या सरांशी गाठ घालून द्या.