गावच्या वाचनालयात मुलं फक्त अभ्यासिकेसाठी येतात. त्यांना अवांतर वाचनाची गोडी कशी लावावी?

अभ्यासिका गच्च भरते, पण कथा-चरित्रांच्या कपाटाकडे एकही पोरगं फिरकत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी तालुक्याच्या एका वाचनालयात संध्याकाळी देवघेव बघतो. आमच्याकडेही हेच होतं.

आधी त्या कपाटाचं कुलूप काढा. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांचा अ, ब, क, ड वर्ग ठरताना ग्रंथसंख्याही बघतात, म्हणून कार्यकारिणीला पुस्तक गहाळ होण्याची धास्ती असते. ती रास्त आहे. तरीही आम्ही हट्टाने पातळ, मोठ्या टायपाची पुस्तकं अभ्यासिकेच्या दाराशी टेबलावर उघडी मांडली. अनामत घेत नाही, वहीत नाव लिहायचं आणि न्यायचं. मुलींना याचा फार उपयोग झाला, कारण अंधार पडायच्या आत त्यांना घर गाठावं लागतं.

पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा त्या टेबलावरून खाशाबा जाधवांचं छोटं चरित्र घेऊन गेला. कराडजवळच्या गोळेश्वरचा पैलवान, वर्गणी काढून हेलसिंकीला जातो आणि १९५२ साली कांस्यपदक आणतो! दुसऱ्या दिवशी मैदानावर धावून झाल्यावर त्याने त्यातली दोन पानं मित्रांना वाचून दाखवली. संध्याकाळी त्यातले तिघे टेबलापाशी उभे होते, 'असलंच अजून काय आहे?' विचारत.

एक गोष्ट मात्र नाजूकपणे हाताळा. काहींना वाचायला आवडत नाही असं आपण समजतो, पण मुळात त्यांना सलग वाचताच येत नसतं. 'असर २०२३' या शिक्षणाच्या पाहणीने देशाच्या ग्रामीण भागातली १४ ते १८ वयाची मुलं तपासली, तेव्हा सुमारे २५ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूरही आपल्या प्रादेशिक भाषेत सफाईने वाचता आला नाही. अशा मुलाच्या हातात जाडजूड कादंबरी देऊ नका. 'किशोर' मासिकाचे जुने अंक बालभारतीने मोफत उपलब्ध करून दिलेत, त्यातल्या गोष्टी छापून ठेवा. चारचौघांत त्याला मोठ्याने वाचायला लावू नका; तुम्ही वाचा, त्याला शेजारी बसवा.

वाचलेल्या पुस्तकाचा सारांश लिहून मागू नका. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन जरूर करा, पण त्या दिवशी भाषणं कमी ठेवा आणि पुस्तकं घरी न्यायला द्या.

आणि पुढच्या ग्रंथखरेदीला जाल तेव्हा अभ्यासिकेतल्या दोन मुलांना आणि दोन मुलींना सोबत घेऊन जा. निम्मी पुस्तकं त्यांना निवडू द्या.