घरच्या ग्लुकोमीटरवर १६२ आणि लॅबच्या अहवालात १४८. मग यंत्र टाकून द्यावे का?

आपले दोन्ही आकडे खरे आहेत. आयएसओ १५१९७ या मानकानुसार साखर डेसिलिटरमागे १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असताना ग्लुकोमीटरच्या ९५ टक्के नोंदी प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत असाव्या लागतात, आणि १४८ साठी ही मुभा १२६ ते १७० पर्यंत जाते. मात्र यंत्र टाकून देण्याची आपली भाषा वाचून मला लिहिल्यावाचून राहवले नाही.

मी पुण्यातल्या एका लॅबमध्ये बावीस वर्षे काढली, तरी याच यंत्रावरून दादाशी झालेला वाद अजून मिटलेला नाही. मे महिन्यात आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी आई आमरसासाठी हापूस पिळून उठली, तिने हात नुसते पदराला पुसले आणि दादाने त्याच बोटाला सुई टोचली. आकडा आला २८६. दादाने डॉक्टरांना न विचारता रात्री साखर उतरवणाऱ्या ग्लिमेपिराइडची जादा गोळी दिली. पहाटे तीनला आईला दरदरून घाम सुटला, तेव्हाची नोंद ५४ होती. साखरपाण्याने ती सावरली, आणि दादाने "हे खेळणं बोगस आहे" म्हणत यंत्र माळ्यावर टाकले. ज्या ५४ मुळे त्याने साखरपाण्याचा पेला हातात घेतला, तो आकडाही त्याच खेळण्याने दिला होता, हे तो आजतागायत कबूल करत नाही.

अमेरिकी शास्त्रज्ञ लेलँड क्लार्क यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या विकर-इलेक्ट्रोडचेच तत्त्व ग्लुकोमीटरमध्ये घालायच्या चाचणीपट्टीत आहे: विकर (एन्झाइम) ग्लुकोजवर क्रिया करते आणि त्यातून वाहणारा विद्युतप्रवाह यंत्र मोजते. ते ग्लुकोज रक्तातले की आंब्याचे, हे विकराला कळत नाही, आणि थेंब इतका लहान असतो की बोटावरचा रसाचा पुसट थरही पुरतो.

लॅबचा कागद म्हणजे वेदवाक्य, असेही समजू नये. नमुन्यातला द्रव रक्तपेशींपासून वेळेत वेगळा केला नाही तर त्या पेशी त्यातली साखर तासाला साधारण ५ ते ७ टक्के खाऊन टाकतात, आणि स्कूटरच्या डिकीत दीड तास फिरून आलेल्या नळ्या मी स्वतः हाताळल्या आहेत.

तेव्हा साबणाने हात धुऊन, कोरडे करून नोंद घ्या, आणि घरातले कोणी वडीलधारे एका आकड्यावरून गोळी वाढवू लागले तर त्यांना आधी दुसऱ्या बोटाची नोंद घ्यायला लावा; गोळी डॉक्टरांनी वाढवायची असते, थोरल्या भावाने नव्हे. जेवणानंतर बोटातल्या रक्तात साखर शिरेतल्यापेक्षा जास्तच असते, रक्तक्षय असल्यास आकडा आणखी फुगतो आणि पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या डबीतल्या पट्ट्या बिघडतात, हेही सांगायला हवे. मधुमेह आहे की नाही याचे निदान मात्र शिरेतल्या रक्तावरूनच करून घ्यावे.