आईनं पोळी सोडली, मग लेकाचं काय?

‘धान्य पूर्ण बंद केलं तर पोराची वाढ खुंटेल का?’ हा प्रश्न अलीकडे माझ्याकडे सारखा येतो. कधी आई विचारते, बहुतेक वेळा आजी. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून गहू, तांदूळ, ज्वारी सगळंच सोडणारी माणसं आता अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर-अंजनगावकडच्या खेड्यांतही भेटतात. त्यातल्याच एका मायलेकाची ही हकिगत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आई पस्तिशीची, मुलगा आठ वर्षांचा. आईला मधुमेह, गोळ्या चालू. मुलाचं पोट सारखं दुखायचं, दोन-दोन तीन-तीन दिवस शौचाला होत नसे. तिनं एका सोमवारी घरातून पोळी, भात, भाकर, पोहे, बिस्किटं, टोस्ट आणि पाच रुपयांची कुरकुरीत पाकिटं असं सगळं एकदमच बंद केलं. त्याजागी मुगाचं धिरडं, पातोडी, डाळभाजी, अंडी, ताक, रताळं. दोन महिन्यांत तिची साखर उतरली, मुलाची पोटदुखीही कमी झाली. तरी सासूबाई तिला घेऊन माझ्याकडे आल्या, कारण नातवाची चड्डी कमरेत सैल झाली होती.

‘पोट्ट्याच्या पोटात भाकर नाई, त अंगात ताकद कुठून येईन?’ त्यांनी बसायच्या आधीच विचारलं.

सून म्हणाली, ‘मॅडम, मी त माह्यासाठी सुरू केलं होतं. पण दोन दोन सैपाक कोन करन? आन् त्याचं पोटही थांबलं ना दुखायचं.’

दोघींचंही ऐकून घेण्यासारखं होतं. वजन-उंची पाहिली. दोन महिन्यांत मुलाचं वजन किलोभर उतरलं होतं. या वयात मूल वर्षाला साधारण दोन-तीन किलोनं वाढतं. मोठ्या माणसाचं वजन उतरलं की आपण शाबासकी देतो, वाढत्या लेकराचं उतरलं तर थांबून बघावंच लागतं.

कारण मात्र आजींना वाटत होतं ते नव्हतं. आमच्या आहारतज्ज्ञांनी त्याचं दिवसभराचं खाणं लिहून काढलं, तर प्रथिनं भरपूर होती. या वयाला दिवसाला साधारण २३ ग्रॅम पुरतात. दोन अंडी आणि मूठभर मुगाच्या डाळीचं धिरडं यातूनच ती जवळपास भरून निघतात. कमी पडत होतं ते जळण. आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १७०० कॅलरी लागतात. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात ७० ग्रॅमच्या आसपास पिष्ट, म्हणजे कर्बोदकं, असतं, तेवढ्याच रताळ्यात २० ते २५. म्हणजे भाकरीची जागा रताळ्यानं भरायची तर तिप्पट खावं लागेल, आणि लहान पोट त्याआधीच भरतं. शिवाय वजन कमी करायचं म्हणून आईनं तेल-तूपही आटवलं होतं. तिच्यासाठी ठीक, पण ताट दोघांचं एकच होतं.

धान्याशिवाय मूल वाढूच शकत नाही असं मी म्हणणार नाही. शेंगदाणे, तीळ, तूप, दूध, केळी, रताळं, सुरण, शिंगाडा हे पोटभर आणि रोज मिळत असेल तर वाढतं. पण ‘रोज’ हा शब्द खेड्यात महाग पडतो. रेशनवर मिळतो तो मुख्यतः गहू आणि तांदूळ. अंडी, दूध, फळं विकत आणावी लागतात. या घराचं एक बरं होतं. खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारट असलेल्या भागातलं शेत, त्यामुळे तूर, मूग आणि थंडीतला हरभरा घरचा. अशी सोय नसलेल्या बाईनं हाच प्रयोग केला असता तर लेकराच्या ताटात भाजीचं पाणीच वाढलं गेलं असतं.

डाळींवर भर देणाऱ्यांना, विशेषतः भंडारा-गोंदियाकडच्या, इथे एक सांगून ठेवते. धानाच्या बांधीतली लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ, स्वस्त असते, पण तिला मुख्य अन्न करून महिनोन् महिने खाऊ नये. त्यानं पायातली शक्ती जाऊ शकते आणि गेलेली शक्ती सहसा परत येत नाही.

त्या दिवशी सगळ्यात तातडीचं काम मात्र आईचं होतं. खाण्यात एवढा बदल केल्याचं तिनं डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं, गोळी जुन्याच मापाची चालू होती. संध्याकाळी हात थरथरतात, घाम येतो, हे ती अशक्तपणा समजत होती. मधुमेहाच्या काही गोळ्या, आणि इन्सुलिन, पोटात पिष्ट गेलं नाही तरी साखर खाली आणतच राहतात. त्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे पाठवलं आणि त्यांनी गोळीचं माप बदललं. पोळी सोडायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, ही विनंती मी हात जोडून करते.

मुलाशी मी वेगळी बोलले. काल काय काय खाल्लं ते चित्रात काढ म्हटलं. त्यानं सकाळचं काढलं, रात्रीचं काढलं, दुपारच्या जागी रिकामा गोल. हळूच म्हणाला, ‘आईले नका सांगू.’ शाळेत मिळणारी खिचडी घ्यायला त्याला आईची मनाई होती, डब्यात उकडलेलं अंडं आणि रताळ्याच्या फोडी. पंगतीत सगळ्यांसमोर खिचडी आणि हा कडेला डबा घेऊन. मग एखाद्या दिवशी मित्राच्या ताटातले चार घास खायचा, घरी येऊन ‘नाई खाल्लं’ म्हणायचा, आणि रात्री अंथरुणात त्याला वाटायचं की आता आपल्यालाही साखर होणार.

शाळेच्या एका जेवणातून पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं ठरलेलं आहे. दिवसाच्या गरजेचा हा पाव हिस्सा त्याला मिळत नव्हता, आणि डबाही तो अर्धा सोडत होता. पण मला खिचडीपेक्षा ती भीती जास्त लागली. आठ वर्षांचं लेकरू चार घासांसाठी स्वतःला गुन्हेगार समजत होतं.

ही भीती आली कुठून? दुसऱ्या भेटीत आई बोलली. तिच्या वडिलांना हाच आजार होता. पायाची जखम चिघळली आणि घोट्याच्या वरून पाय कापावा लागला. स्वतःचा पहिला रिपोर्ट हातात आला तेव्हा तिला वडिलांचा पाय दिसला, आणि मग मुलाचा. अशा बाईला ‘व्हिडिओ पाहून काहीही करते’ म्हणणं अन्यायाचं आहे. तिनं स्वतःची साखर खरोखर आटोक्यात आणली होती, आणि हे मी तिला सासूबाईंसमोर सांगितलं.

पोटदुखीचा उलगडा डॉक्टरांनी केला. गव्हातलं ग्लूटेन नावाचं प्रथिन न सोसणं, म्हणजे सिलिॲक, हा खरा आजार आहे आणि त्यात गहू जन्मभर सोडावा लागतो. पण त्याची रक्ततपासणी गहू खाण्यात असतानाच करायची. आधीच सोडला तर आजार असूनही रिपोर्ट साफ येऊ शकतो. म्हणून मुलाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे पुन्हा पोळी दिली. आईनं ते दिवस कसे काढले ते तिलाच माहीत. रिपोर्टमध्ये काही निघालं नाही. आणि निघालं असतं तरी ज्वारी, तांदूळ, मका सोडायचं कारण नव्हतं, त्यात ग्लूटेन नसतं.

मग पोट का दुखत होतं? शाळेच्या संडासात पाणी नसायचं, म्हणून तो दिवसभर दाबून धरायचा, पाणीही प्यायचा नाही. त्यात रोजची बिस्किटं आणि पाकिटं. ती गेली, ताक, डाळी, भाज्या आल्या, पोट साफ होऊ लागलं. गुण आला तो यानं, आणि श्रेय मिळालं भाकर सोडण्याला. आता सकाळी शाळेआधी निवांत बसायची सवय लावली आहे. पाण्याचं वडिलांनी शाळेत जाऊन बोलून घेतलं.

स्वयंपाक एकच राहिला. धिरडं, पातोडी, डाळभाजी, अंबाडी सगळ्यांना; मुलाला वर ज्वारीची भाकर तुपासोबत, शाळेत खिचडी, संध्याकाळी शेंगदाणे-गूळ. बिस्किटं घरात परत आली नाहीत, हे मला मनापासून आवडलं. दोन ताटं वेगळी का, हे मुलाला सांगायचं वाक्य आईनं माझ्यासमोर म्हणून पाहिलं: ‘मले साखर आहे म्हणून मी भाकर खात नाई. तुले साखर नाई, तू वाढतं लेकरू आहेस, तू खाय.’ पहिल्यांदा ‘भाकर वाईट’ तोंडात आलंच, मग तिनं ते गाळलं.

वजन तीन महिन्यांत भरून आलं. ‘नाई खाल्लं’ अजून एखाद्या वेळी निघतं, पण आई आता चिडत नाही. मागच्या खेपेला तिनं विचारलं, मी परत भाकर खाऊ शकेन का? पुढचा रिपोर्ट चांगला आला तर रात्री अर्धी ज्वारीची चालेल असं डॉक्टर म्हणालेत. रिपोर्ट पोळ्याच्या सणानंतर आहे.