मॉरिस साइडमध्ये शिरायचंय? मग मे नाही, सप्टेंबर धरा

ताई, तुम्ही विचारलंय की ऑक्सफर्डजवळ राहायला आलात, १ मेला पहाटे मॉडलिन कॉलेजच्या टॉवरवरचं गाणं ऐकायला गेलात, मग रस्त्यात घुंगरू बांधून नाचणारी मंडळी बघितली आणि तेव्हापासून शिकायचं डोक्यात आहे, पण चाळिशी उलटलीय, नाच कधी केला नाही, आणि आपण तिथे उपऱ्यासारखे दिसू का ही धास्ती. मी बरीच वर्षं कॉट्सवोल्ड साइडमध्ये नाचतेय (तुम्ही बघितलात तो इंग्लंडचा लोकनाच म्हणजे मॉरिस, कॉट्सवोल्ड हा त्याचा ऑक्सफर्डकडचा प्रकार; मॉरिसच्या ग्रुपला साइडच म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा), म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नाच येत नाही हा मुद्दाच सोडून द्या. कॉट्सवोल्डमधले बहुतेक नाच सहा जणांचे, तीन-तीनच्या दोन ओळी समोरासमोर, आणि प्रॅक्टिसला पाचच जण आले की तो नाच त्या दिवशी नीट बसवताच येत नाही, त्यामुळे साइडला खरी गरज असते ती दर आठवड्याला न चुकता येणाऱ्या माणसाची. छान नाचणारा पण महिन्यातून एकदा उगवणारा माणूस कुणाच्याच कामाचा नाही. तुम्हाला आठवड्यातली एक संध्याकाळ पूर्ण हिवाळाभर देता येणार असेल तर तुम्ही येऊ शकता, आणि ते जमणार नसेल तर आत्ताच थांबा, हे मी मनापासून सांगतेय.

हिवाळाभर म्हणतेय कारण बहुतेक साइडींची प्रॅक्टिस सप्टेंबर-ऑक्टोबरला सुरू होऊन एप्रिलपर्यंत चालते, गावच्या हॉलमध्ये नाहीतर शाळेच्या हॉलमध्ये, आणि मेपासून उन्हाळाभर पबच्या बाहेर, जत्रांमध्ये नाचायचं असतं. लोकांना उत्साह येतो तो मेमध्ये बघून, पण तेव्हा नवीन माणसाला पायाची स्टेप पहिल्यापासून शिकवायला कुणाला सवड नसते. तोवर त्यांचे दोन-तीन कार्यक्रम बघून या, नाच संपल्यावर थांबून बोला. साइडमध्ये स्क्वायर म्हणजे प्रमुख, फोरमन म्हणजे नाच शिकवणारा आणि बॅगमन म्हणजे पत्रव्यवहार बघणारा, तुम्ही बॅगमनला गाठा. ऑनलाइन शोधायचं तर मॉरिस रिंग, मॉरिस फेडरेशन आणि ओपन मॉरिस या तीन संघटना आहेत, त्यांच्याकडे साइडींची यादी मिळते.

प्रकार कोणता निवडायचा? वेल्सच्या सीमेकडचा बॉर्डर मॉरिस म्हणजे चिंध्यांचे कोट, काठ्या, आरडाओरडा, स्टेप तशी सोपी. लँकेशायर-चेशायरच्या गिरणगावांतला नॉर्थ वेस्ट मॉरिस लाकडी तळव्यांच्या क्लॉग्जमध्ये, मिरवणुकीसारखा. आणि ऑक्सफर्डच्या आसपास घराघरातला म्हणावा असा कॉट्सवोल्ड, रुमाल, काठ्या आणि उड्या. गुडघे दुखत असतील तर कॉट्सवोल्डच्या उड्यांचा विचार करून ठेवा, बाकी मला विचाराल तर प्रकारापेक्षा घरापासून जवळची आणि माणसं आवडतील अशी साइड बघा.

पहिल्या संध्याकाळी काय होतं ते सांगते. एक-दोन-तीन-उडी, एक-दोन-तीन-उडी, ही डबल स्टेप, बराच वेळ हेच. मग हातात मोठे पांढरे रुमाल, कोपरा बोटाला गुंडाळून धरायचा, आणि उडीबरोबर हात वर गेला की रुमाल वर फुलला पाहिजे, नुसता लोंबकळला तर फोरमन लगेच बोलतो. मग ‘हे’ (hey) नावाची आकृती, तिघातिघांनी इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं एकमेकांभोवती फिरायचं, इथे नवीन माणूस हमखास भलत्या बाजूला वळतो आणि कुणीतरी खांद्याला धरून परत वळवतं, त्यात कुणी चिडत नाही. काठ्यांचे नाच तुम्हाला लवकर जमतील, शाळेत टिपऱ्या खेळला असाल तर ठोका कुठे पडायचा हे अंगात असतंच. फक्त इथली काठी लांब आणि जाड, आणि मार जोरात. आपली काठी घट्ट धरून ठरल्या जागी ठेवायची, घाबरून मागे घेतली की बोटांवर बसते. ऑक्सफर्डच्याच हेडिंग्टन भागातला बीन सेटिंग नावाचा नाच बघायला मिळाला तर जरूर बघा, त्यात वाकून काठीचं टोक जमिनीवर आपटतात, शेतात भोकं पाडून बिया टोबावं तसं.

आता उपरेपणाचं. साइडींमध्ये गोरी आणि वयाने मोठी माणसं जास्त असतात हे खरंय, पहिल्या दिवशी तुम्ही एकट्याच वेगळ्या दिसाल. पण नवीन लोक मिळत नाहीत ही कित्येक साइडींची कायमची काळजी आहे, त्यामुळे स्वागत मनापासून होतं. बॉर्डर मॉरिसमध्ये चेहरे पूर्ण काळे रंगवायची पद्धत होती, ती कृष्णवर्णीय लोकांना दुखावणारी आहे म्हणून २०२० मध्ये या तिन्ही संघटनांनी आपल्या साइडींना ती बंद करायला सांगितलं, आता कुणी निळे-हिरवे रंग लावतात तर कुणी मुखवटे, आणि हा बदल व्हायलाच हवा होता असं मला वाटतं. एखादी साइड अजूनही काळा रंग लावत असेल तर तिकडे जाऊ नका, दुसऱ्या भरपूर आहेत.

आणि बायकांनी नाचावं का यावर कुणी परंपरा सुनवायला लागलं तर मेरी नील हे नाव लक्षात ठेवा. १८९९ च्या बॉक्सिंग डेला, म्हणजे २६ डिसेंबरला, पुढे लोकगीतं आणि लोकनाच गोळा करणारे सेसिल शार्प यांनी हेडिंग्टन क्वॉरीचे नाचणारे बघितले, त्यांच्यातले विल्यम किंबर कॉन्सर्टिना (हातात धरायची छोटी भात्याची पेटी) वाजवत होते, ही गोष्ट सगळे सांगतात. पण १९०५ मध्ये त्याच किंबरना लंडनला बोलावून शिवणकाम करणाऱ्या मुलींना मॉरिस शिकवायला लावलं ते मेरी नील यांनी, आणि त्या मुलींनी पुढे गावोगाव जाऊन तो शिकवला. तरी १९३४ ला निघालेली मॉरिस रिंग पुरुषांचीच राहिली, म्हणून १९७५ मध्ये बायकांनी वेगळी संघटना काढली, तीच आजची मॉरिस फेडरेशन. काही जुन्या साइडी आजही फक्त पुरुषांच्या आहेत, तेवढं आधी विचारून घ्या.

कपड्यांवर आत्ता खर्च करू नका. किट आणि घुंगरांचे पट्टे लोकांसमोर नाचायची वेळ आली की, बहुतेक ठिकाणी साइडकडूनच तात्पुरते मिळतात. प्रॅक्टिसला चांगल्या तळव्याचे स्पोर्ट्स शूज, पाण्याची बाटली, आणि दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखणार आहेत त्यामुळे शक्यतो त्या दिवशी लांब चालायचं ठेवू नका. तुम्ही नक्की कुठल्या गावात आहात आणि कुठला वार मोकळा असतो ते लिहा, जवळची कुठली साइड बघायची ते सांगते.