टिप देणाऱ्याला आधी चहा पाजू नकोस

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर पहिल्यांदा येतोयस, म्हणून सांगतो. पॅडॉकजवळ, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात तिथे, कुणी कानात कुजबुजेल, "आतली खबर आहे, काका." तोच माणूस आठ जणांना आठ वेगळे घोडे सांगतो. एक जिंकतोच, मग त्या एकाकडून बक्षिसी! मीही दोन सीझन दिली.

खरी लबाडी बहुतेक वेळा डोपिंगमध्ये नसते; विजेत्याचे नमुने तपासले जातात. ती असते हँडिकॅपमध्ये, म्हणजे रेटिंगप्रमाणे घोड्यावर कमी-जास्त वजन देण्याच्या पद्धतीत. घोड्याला दोन-तीन शर्यती मुद्दाम मागे ठेवायचं, रेटिंग उतरलं की पाठीवरचं वजनही उतरतं, आणि मग एक दिवस पैसा लावून सोडायचं. म्हणून बुकीच्या पाटीवरच्या भावांवर, म्हणजे जिंकल्यास रुपयाला किती मिळणार त्यावर, नजर ठेव. सतत हरणाऱ्या घोड्याचा भाव दहाचा अचानक तीन झाला, तर कुणाला तरी काही माहीत आहे. उलट, फेव्हरिटचा, म्हणजे जिंकण्याची सगळ्यात जास्त अपेक्षा असलेल्या घोड्याचा, भाव कारणाशिवाय वाढत गेला तर हात आखडता घे.

शर्यतीचा व्हिडिओ पुन्हा बघ, शेवटच्या दोनशे मीटरमध्ये जॉकीचे हात हलतायत का ते. स्टुअर्ड्स, म्हणजे शर्यतीवर देखरेख करणारे अधिकारीही तेच बघतात आणि चौकशी लावतात. पण जॉकी हरला म्हणजे त्याने घोडा खेचलाच, म्हणजे मुद्दाम मागे ठेवलाच, असं दर रविवारी ओरडू नकोस. घोडाही कधी कधी नुसता कंटाळतो.

आणि कर वाचतो म्हणून चिठ्ठीवर बेट घेणाऱ्या बेकायदा बुकीकडे जाऊ नकोस. जिंकलास तर तो सापडणार नाही.