अ‍ॅझ्युर डेटा फॅक्टरीत (डेटा इकडून तिकडे हलवणारी मायक्रोसॉफ्टची क्लाउड सेवा) नव्वदेक पाइपलाइन, म्हणजे ठरलेल्या क्रमाने चालणाऱ्या कामांच्या साखळ्या, आहेत. फेल गेल्यावर कळावं म्हणून प्रत्येकीत वेगळा अ‍ॅलर्ट लावायचा का?

लावू नका. तुम्ही लिहिलंय की सध्या प्रत्येक पाइपलाइनच्या शेवटी एक वेब अ‍ॅक्टिव्हिटी (अ‍ॅक्टिव्हिटी म्हणजे पाइपलाइनमधली एक पायरी) जोडली आहे, ती लॉजिक अ‍ॅपला (ठरवलेली कामं आपोआप करणारी अ‍ॅझ्युरची सेवा) हाक मारते आणि लॉजिक अ‍ॅप मेल पाठवतं. नवी पाइपलाइन बनवताना कुणीतरी ते जोडायला विसरतं, आणि नेमकी तीच रात्री बोंबलते. विसरण्याचा त्रास आहेच, पण या पद्धतीत त्याहून वाईट एक खोड आहे. ती मला अंगावर आल्यावर कळली, म्हणून आधी तेच सांगतो.

मीही हेच केलं होतं. कॉपी अ‍ॅक्टिव्हिटीवरून लाल बाण, म्हणजे 'फेल झाल्यावर'चा, काढला आणि तो मेलच्या वेब अ‍ॅक्टिव्हिटीला जोडला. काही आठवडे सगळं सुरळीत. मग एका सकाळी रिपोर्ट बघणाऱ्यांनी विचारलं, आकडे तीन दिवसांपूर्वीचेच का दिसतायत? मॉनिटर, म्हणजे कोणती पाइपलाइन कधी धावली आणि निकाल काय ते दाखवणारं पान, उघडला तर सगळे रन हिरवे. एकही लाल नाही. आत शिरून बघितलं तर कॉपी तिन्ही दिवस पडली होती, मेल तिन्ही दिवस नीट गेला होता, आणि पाइपलाइनचा निकाल 'सक्सीडेड'. मेल ज्या ग्रुप मेलबॉक्सात जायचे तो कुणी उघडतच नव्हतं, ही चूक आमचीच. पण मॉनिटरने हिरवं का दाखवावं?

कारण डेटा फॅक्टरी पाइपलाइनचा निकाल टोकाच्या, म्हणजे जिथून पुढे बाण जात नाही अशा, अ‍ॅक्टिव्हिटींवरून ठरवते. टोकाची अ‍ॅक्टिव्हिटी वगळली गेली असेल तर तिच्या आधीची बघते. कॉपीनंतर फक्त लाल बाण असेल तर टोकाला एकटी मेलची अ‍ॅक्टिव्हिटी उरते. मेल गेला म्हणजे टोक यशस्वी, म्हणून पाइपलाइन यशस्वी. प्रोग्रॅमिंगमधल्या ट्राय-कॅचसारखंच हे: चूक पकडली, हाताळली, विषय संपला. कॉपीवरून हिरवा, म्हणजे 'यशस्वी झाल्यावर'चा, बाणही कुठेतरी जात असता तर चित्र उलटं झालं असतं. कॉपी पडल्यावर हिरव्या बाजूचं टोक वगळलं जातं, मग डेटा फॅक्टरी मागे कॉपीकडे बघते आणि पाइपलाइन लाल होते. म्हणजे पोटातलं काम तेच, बाण एक कमी की जास्त एवढ्यावर निकाल फिरतो. नव्वद पाइपलाइनींत हे बाण कुणी कसे काढलेत हे तुम्ही तपासत बसणार का?

मेलची ती अ‍ॅक्टिव्हिटी काही ठिकाणी ठेवावीच लागत असेल तर तिच्यानंतर फेल अ‍ॅक्टिव्हिटी (पाइपलाइन मुद्दाम फेल करणारी) टाका, म्हणजे निकाल खरा राहील. बाकी सगळीकडून काढून टाका. पहारा पाइपलाइनच्या बाहेर असू द्या, फॅक्टरीवर.

सगळ्यात सोपा पहारा मेट्रिकचा, म्हणजे अ‍ॅझ्युर आपोआप मोजत असलेल्या आकड्याचा. डेटा फॅक्टरीच्या मॉनिटरमध्ये 'अलर्ट्स अँड मेट्रिक्स' आहे, तिथून नवा नियम करायचा. मेट्रिक निवडायचं 'फेल्ड पाइपलाइन रन्स', अट शून्यापेक्षा जास्त. या मेट्रिकला पाइपलाइनचं नाव हे डायमेन्शन (आकड्याची फोड करायचा निकष) आहे आणि त्यात 'आत्ताच्या आणि पुढच्या सगळ्या व्हॅल्यू' असा पर्याय मिळतो. तो घेतला की उद्या कुणी नवी पाइपलाइन टाकली तरी ती आपोआप नियमात येते. तुमचा विसरण्याचा प्रश्न इथेच संपला. मेल, एसएमएस, वेबहुक काय हवं ते अ‍ॅक्शन ग्रुपमध्ये एकदाच ठरवायचं.

डायमेन्शन आळसाने सोडू नका. मेट्रिक अ‍ॅलर्ट स्थिती धरून ठेवतो: एकदा वाजला की अट लागोपाठ तीन तपासण्यांत खोटी ठरेपर्यंत पुन्हा वाजत नाही. समजा नावाचं डायमेन्शन नाही, दर मिनिटाला तपासणी आणि मागची पाच मिनिटं बघायची असं लावलंय. २:१० ला विक्रीची पाइपलाइन पडली, मेल आला. २:१३ ला स्टॉकची पडली. नियम आधीच 'फायर्ड' आहे, त्यामुळे दुसरा मेल नाही. सकाळी तुम्ही विक्रीची दुरुस्त करून निवांत बसता आणि स्टॉकची तशीच पडून. नावाप्रमाणे फोड केली की प्रत्येक पाइपलाइनची स्थिती वेगळी राहते. बिल मात्र अशा प्रत्येक मालिकेमागे, म्हणजे इथे प्रत्येक पाइपलाइनच्या नावामागे, लागतं, म्हणून नव्वद पाइपलाइनींचा हिशेब आधी करून ठेवा.

याच स्वभावामुळे दुसरा एक घोळ होतो. पडल्यावर काही मिनिटांनी 'रिझॉल्व्ड' असा मेल येतो. पाइपलाइन सुधारली असा त्याचा अर्थ मुळीच नाही. गेल्या पाच मिनिटांत नवं काही पडलं नाही, एवढाच. रोज एकदाच धावणारी पाइपलाइन पाच मिनिटांत दुसऱ्यांदा पडणार तरी कशी! पण रात्री अर्धवट झोपेत तो शब्द वाचणारा माणूस फोन उलटा ठेवून झोपतो. टीमला हे पहिल्याच दिवशी सांगा, किंवा आपोआप रिझॉल्व्ह होण्याची सोय बंद करता येते का ते तुमच्या नियमापुरतं तोलून बघा. बंद केली तर वाजलेला अ‍ॅलर्ट नंतर मिटणार कसा हेही त्याच वेळी ठरवायला लागेल.

बहुतेकांना एवढं पुरतं. पण मेट्रिकच्या मेलमध्ये काय पडलं एवढंच कळतं, का पडलं ते नाही. नव्वद पाइपलाइन सांभाळणाऱ्याला 'का' आधी हवं असतं, कारण पासवर्डची मुदत संपलीय की समोरचा सर्व्हर बंद आहे यावर कुणाला उठवायचं ते ठरतं. त्यासाठी लॉग लागतात. फॅक्टरीच्या डायग्नॉस्टिक सेटिंगमधून पाइपलाइन रन, अ‍ॅक्टिव्हिटी रन आणि ट्रिगर रन (ट्रिगर म्हणजे ठरल्या वेळी पाइपलाइन सुरू करणारा) या तिन्ही प्रकारच्या नोंदी 'लॉग अ‍ॅनालिटिक्स'ला, म्हणजे अ‍ॅझ्युरच्या लॉग साठवून शोधायच्या सेवेला, पाठवायला लावा, आणि प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र टेबल मिळेल असाच पर्याय निवडा. सगळं एका टेबलात कोंबायचा जुना पर्याय पुढे क्वेरी लिहिताना रडवतो. लॉग असे बाहेर पाठवणं तसंही करायला हवं, कारण फॅक्टरी स्वतः रनची माहिती ४५ दिवसच ठेवते.

अ‍ॅक्टिव्हिटी रनच्या टेबलात एररचा मजकूर, अ‍ॅक्टिव्हिटीचं नाव आणि पाइपलाइनचा रन आयडी एकाच ओळीत मिळतो. त्यावर दर पाच मिनिटांनी क्वेरी चालवणारा लॉग अ‍ॅलर्ट लावायचा. तो लॉजिक अ‍ॅपला जोडायचा, आणि लॉजिक अ‍ॅपने तीच क्वेरी पुन्हा चालवून एररच्या मजकुरासकट टीमच्या चॅनेलवर संदेश टाकायचा. आमच्या संदेशात चारच गोष्टी असतात: पाइपलाइन, पडलेली अ‍ॅक्टिव्हिटी, एररची पहिली दोन वाक्यं, आणि ती कुणाची जबाबदारी. पाचवी गोष्ट घातली की लोक वाचेनासे होतात, हा माझा अनुभव.

या क्वेरीत तीन ठिकाणी माझा पाय घसरला.

पहिलं म्हणजे लॉग लगेच येत नाहीत, पोचायला काही मिनिटं लागतात. क्वेरी 'घडल्याच्या वेळे'वर मागची पाच मिनिटं बघत असेल तर सहाव्या मिनिटाला पोचलेली नोंद तिला कधीच दिसत नाही. नोंद टेबलात पोचल्याच्या वेळेवर गाळणी लावा, त्यासाठी कुस्टोमध्ये (ही क्वेरी लिहायची भाषा) इन्जेशन टाइमचं तयार फंक्शन आहे.

दुसरं, आई-लेकरांचं. एक मोठी पाइपलाइन एक्झिक्यूट पाइपलाइन या अ‍ॅक्टिव्हिटीने दहा छोट्या पाइपलाइनींना चालवते आणि त्यांची वाट बघते. त्यातलं एक लेकरू पडलं की आईही पडते, आणि एका बिघाडाचे दोन मेल. मधे आणखी एखादा थर असेल तर तीन. काहीजण फक्त आईचा मेल ठेवतात. मला ते पटत नाही, खरं कारण लेकराकडे असतं. जिथे पडलेली अ‍ॅक्टिव्हिटी एक्झिक्यूट पाइपलाइन याच प्रकारची आहे त्या ओळी क्वेरीतून वगळा, आईचा मेल आपोआप गळतो.

तिसरं, रिट्राय, म्हणजे पडल्यावर आपोआप होणारा पुन्हा प्रयत्न. पहिल्या प्रयत्नात पडून दुसऱ्यात उठलेल्या अ‍ॅक्टिव्हिटीसाठी कुणाला उठवू नका. म्हणून आधी पाइपलाइन रनच्या टेबलात शेवटचा निकाल 'फेल्ड' असलेले रन घ्यायचे आणि मग त्यांच्या अ‍ॅक्टिव्हिटी जोडायच्या. रिट्रायचा आकडा मुळात शून्य असतो हेही बघून घ्या. नेटवर्कची उचकी लागली की पडणाऱ्या कॉपींना दोन-तीन रिट्राय दिले तरी अ‍ॅलर्टची गर्दी बरीच कमी होते.

आता ज्यावर सगळ्यात कमी लोक विचार करतात ते. जी पाइपलाइन धावलीच नाही ती फेलही होत नाही. देखभालीसाठी कुणी ट्रिगर थांबवला आणि परत चालू करायला विसरला, तर मेट्रिक शून्य, लॉग रिकामा, मेल नाही. सगळं शांत. यावर इलाज हजेरीपटाचा. एक छोटं टेबल करा: पाइपलाइनचं नाव, जास्तीत जास्त किती तासांत एकदा तरी यशस्वी व्हायला हवी, आणि मालक कोण. तासातून एकदा त्याची गाठ लॉगमधल्या शेवटच्या यशस्वी रनशी घालायची, आणि जिची वेळ उलटून गेली तिचं नाव पुकारायचं. जोड डावीकडून (लेफ्ट जॉइन, म्हणजे पटावरची प्रत्येक ओळ टिकेल अशी) घाला, नाहीतर लॉगमध्ये मुळीच नसलेली पाइपलाइन निकालातूनही गायब होईल, आणि आपल्याला नेमकी तीच हवी आहे. हो, हा हजेरीपट हाताने भरावा लागतो आणि तिथे पुन्हा विसरायला जागा आहे. म्हणून लॉगमध्ये दिसते पण पटावर नाही अशा पाइपलाइनींची यादी आम्ही आठवड्यातून एकदा काढतो.

अडकून पडलेल्या रनचं थोडक्यात. अ‍ॅक्टिव्हिटीचा मूळ टाइमआउट पूर्वी सात दिवसांचा असायचा, आता नव्या अ‍ॅक्टिव्हिटींना १२ तासांचा मिळतो. जुन्या पाइपलाइनींमध्ये ते सात दिवस अजून बसलेले असू शकतात, तेवढे शोधून खाली आणा. शिवाय पाइपलाइनच्या सेटिंगमध्ये अपेक्षित वेळ भरला की तो ओलांडल्याचं वेगळं मेट्रिक मिळतं, पण मी ते महत्त्वाच्या सात-आठ पाइपलाइनींनाच लावलंय.

एसएमएस कुणाला पाठवायचा ते विचार करून ठरवा. अ‍ॅक्शन ग्रुप एका नंबरला पाच मिनिटांत एकच एसएमएस पाठवतो आणि एका पत्त्यावर तासाला १०० पर्यंतच मेल. समोरचा डेटाबेस झोपून एकदम चाळीस पाइपलाइन पडल्या तर एसएमएस पहिल्या एकाचाच येईल. बाकीचं चॅनेलवर जाऊन बघायचं हे रात्री ड्यूटीवर असलेल्याला माहीत हवं.

सुरुवात मेट्रिकच्या नियमापासून करा, अर्ध्या तासाचं काम आहे. नियम झाला की एक रिकामी पाइपलाइन बनवा, तिच्यात फक्त फेल अ‍ॅक्टिव्हिटी टाका आणि चालवा. मेल आला, आणि तो ज्याने वाचायला हवा त्याने वाचला, हे बघितल्यावरच जुन्या वेब अ‍ॅक्टिव्हिटी काढायला घ्या. डेव्ह आणि टेस्टच्या फॅक्टऱ्यांना हा नियम लावू नका. आम्ही लावला होता, तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी ते मेल आपोआप वेगळ्या फोल्डरमध्ये ढकलायला सुरुवात केली, आणि त्यांच्यासोबत प्रॉडक्शनचेही.