अंगठ्याखालची रेस

प्रश्न : मी 61 वर्षांची, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. साताऱ्यात राहते. नोकरीची बहुतेक वर्षं सायकलनेच शाळेत गेले. आता डावा गुडघा साथ देत नाही. सपाटीला पॅडल मारता येतं, पण थांबून पुन्हा निघताना आणि चढाला कळ येते. म्हणून बॅटरीवरची सायकल घेणार आहे. मुलगा जर्मनीत स्टुटगार्टला असतो. तो म्हणतो, "आई, थ्रॉटलवाली, म्हणजे रेस दिली की पॅडल न मारताही चालणारी, घेऊ नकोस, धोक्याची असते, इकडे तशी चालतच नाही." इथले दुकानदार म्हणतात, रेस नसेल तर बॅटरीची सायकल घ्यायचीच कशाला? पावसात बिघडेल ही भीती वेगळीच. दादा, कोणाचं ऐकू?
— एक वाचक, सातारा

उत्तर : बाई, नमस्कार. थ्रॉटल असलेलीच घ्या. पण मूठ पिळून रेस द्यायची नको, अंगठ्याने दाबायची घ्या. आणि दोन्ही ब्रेकना, ब्रेक ओढताच मोटर बंद करणारा स्विच असल्याशिवाय पैसे देऊ नका.

तुमच्या मुलाची काळजी खोटी नाही. युरोपात 250 वॉटपर्यंतची मोटर, पॅडल मारलं तरच मदत आणि ताशी 25 किलोमीटरला मदत बंद, असं असेल तरच तिला सायकल म्हणतात. पॅडल न मारता मोटर चालते ती ताशी 6 किलोमीटरपर्यंतच, ढकलताना किंवा निघताना हातभार म्हणून. पण तिकडच्या बऱ्याच सायकलींत टॉर्क सेन्सर असतो. तो पायाचा जोर मोजतो. पॅडलवर पाय टेकवून जरा भार दिला की मोटर लगेच हात देते.

आपल्याकडच्या परवडणाऱ्या सायकलींत बहुधा तो नसतो. पॅडलच्या आसावर लोहचुंबक बसवलेली एक छोटी चकती असते आणि तिच्याशेजारी सेन्सर. त्याला पॅडल फिरतंय एवढंच कळतं, जोर किती लागतोय ते कळत नाही. मोटर जागी व्हायला पाव-अर्धा फेरा जातो, आणि बाई, तुमचा गुडघा दुखतो तो नेमका त्याच अर्ध्या फेऱ्यात. सिग्नल सुटलाय, मागे एसटी उभी आहे, आणि सायकल जागची हलत नाही. अशा वेळी माणूस डुगडुगतो आणि पडतो. माझ्याकडे येणाऱ्या वयस्कर गिऱ्हाइकांना मी विचारतो, तेव्हा वेगात पडलेले थोडे आणि निघताना पडलेले जास्त निघतात. तुमच्यासाठी थ्रॉटल त्या दोन-तीन सेकंदांचं आहे. सायकल चालू लागली की अंगठा काढायचा आणि पॅडल मारायचं.

दुसरं असं की थ्रॉटल नाही म्हणजे सायकल आपोआप सुरक्षित झाली, असं नसतं. चकतीच्या सेन्सरवर मोटर पाय थांबल्यावरही क्षणभर ढकलत राहते. अरुंद गल्लीत वळताना तो क्षण फार मोठा वाटतो. अंगठा मात्र उचलला की मोटर थांबली.

मुठीची रेस नको म्हणतो त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याच दुकानातून एक आजोबा दुरुस्त केलेली सायकल घेऊन निघाले. उंबऱ्यावरून ढकलताना उजवा हात मुठीवर होता, स्विच चालू राहिलेला. मूठ फिरली, सायकल उसळली आणि त्यांच्या नडगीला पॅडल लागलं. पाच टाके पडले. स्विच बंद करूनच द्यायला हवी होती, ती चूक माझी. त्या दिवसापासून मी मुठीची रेस बसवत नाही. ब्रेकसाठी हात आवळतानाही तीच मूठ पिळली जाते, घाबरलेला माणूस तर अजून आवळतो.

आता पावसाचं. साताऱ्याला तो मन लावून पडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. थ्रॉटलमध्ये एक लोहचुंबक, ते किती सरकलं हे ओळखणारा हॉल सेन्सर आणि तीन तारा असतात : एक साधारण 5 व्होल्टची, एक ग्राउंडची, एक सिग्नलची. अंगठा मोकळा असताना सिग्नल एक व्होल्टच्या आतबाहेर असतो, पूर्ण दाबला की चारच्या आसपास जातो. सिग्नलची तार तुटली तर मोटर चालणार नाही, इतकंच. पण ग्राउंडची तार तुटली तर सिग्नल वर चढतो आणि साध्या कंट्रोलरला, म्हणजे मोटरला किती वीज सोडायची ते ठरवणाऱ्या डबीला, वाटतं, पूर्ण रेस दिलीय. चांगला कंट्रोलर इतका चढलेला सिग्नल बिघाड समजतो आणि मोटर बंद ठेवतो. कनेक्टरमध्ये पाणी शिरलं तरी सिग्नल भरकटतो. म्हणून जोड स्क्रू आवळून बसणारे, रबरी कडीचे हवेत. नुसते टोचलेले असतील तर नको म्हणा.

दुकानात दोन गोष्टी स्वतः करून बघा, दुकानदाराचा शब्द पुरेसा नाही. सायकल स्टँडवर घेऊन मागचं चाक अधांतरी करा. थ्रॉटल दाबून धरा आणि मग बॅटरीचा स्विच चालू करा. चाक फिरता कामा नये. अंगठा सोडून पुन्हा दाबल्यावरच ते फिरायला हवं. मग चाक फिरत असताना ब्रेकची पट्टी हलकेच ओढा, आधी डावी, मग उजवी. ब्रेक चाकाला लागायच्या आत मोटरचा आवाज थांबला पाहिजे. एका बाजूचा जरी स्विच लागला नाही तरी ती सायकल घेऊ नका, कितीही सूट देवोत.

भरवशाच्या बाबतीत थ्रॉटल मला आवडतं. पॅडलचा सेन्सर खाली चिखलात असतो आणि थ्रॉटल वर हँडलला. दोघांच्या तारा वेगळ्या. एक गेला तरी दुसऱ्यावर घर गाठता येतं. मोटर मागच्या चाकात असेल तर चेन तुटली तरी थ्रॉटलवर येता येतं. मोटर पॅडलपाशी असेल तर तिची ताकद चेनमधूनच जाते, मग चेन तुटल्यावर थ्रॉटल काही कामाचं नाही. तुमच्यासाठी चाकातली मोटर बरी.

फक्त यवतेश्वरचा घाट नुसत्या थ्रॉटलवर चढू नका. 250 वॉटची चाकातली मोटर चढाला सावकाश फिरते, जास्त करंट खेचते आणि तापते. उजव्या पायाने का होईना, साथ द्या. 36 व्होल्ट, 10 अँपिअर-अवरची बॅटरी सपाटीला नुसत्या थ्रॉटलवर माझ्या अनुभवात वीसेक किलोमीटर देते, पॅडल मारत गेलं तर त्याच्या जवळजवळ दुप्पट.

प्रश्न : माझ्या जुन्या सायकलला 750 वॉटच्या मोटरचं किट आणि थ्रॉटल बसवणार आहे. लायसन्स लागेल का?
— कॉलेजचा विद्यार्थी, नाशिक

उत्तर : हो, लागेल. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत 250 वॉटपेक्षा कमी ताकद आणि ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेग असलेलं बॅटरीचं वाहन मोटार वाहनात धरत नाहीत. 750 वॉट त्याच्या तिप्पट झाले, मग लायसन्सबरोबर नोंदणी आणि विमाही आला. आणि कायदा बाजूला ठेवला तरी तुझ्या जुन्या सायकलचे रॉडचे ब्रेक आणि पुढचं चाक धरणारा फोर्क त्या वेगासाठी घडवलेले नाहीत. माझ्याकडे आलास तर मी ते किट बसवून देणार नाही. 250 वॉटच्या आतलं आण, आधी ब्रेक बदलू.